पूर्वजाची निवडणूक

कोंबडा कापून झाला होता, चिकट भात बांबूत भरून झाला होता, आणि ज्याच्यापुढे हे सगळं मांडायचं तो पूर्वज खरा की खोटा यावरून ऐसामच्या घराण्यात जुंपली होती.

तेही पहिल्या खुडणीच्या सकाळी. बागेतलं सगळ्यात आधी लावलेलं झाड म्हणजे जीव-झाड, त्यालाच आम्ही पूर्वज म्हणतो. त्याला नैवेद्य दाखवून त्याची पानं खुडल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही झाडाला हात लावायचा नाही, हा आमच्या मानलुन गावचा नियम. गावातल्या बाकीच्या घराण्यांनी उजाडताच आपापली झाडं उरकली होती. शेजारच्या बागांतून बायकांच्या हसण्याचे आवाज येत होते. ऐसामच्या बागेत मात्र कोवळ्या कळ्या ऊन खात फुगत होत्या. चहाची कळी कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही. दुपारपर्यंत तिचं पान होतं आणि मग ती खुडली काय नि न खुडली काय.

हे सगळं ऐसामच्या थोरल्या मुलामुळे, ऐवेनमुळे झालं. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला नको म्हणून मी आधीच सांगून टाकते.

झालं होतं असं की, म्हातारा ऐसाम यंदा टोपली देणार होता. ज्याच्या खांद्यावर तो खुडणीची टोपली अडकवेल, त्याच्याकडे ही वरची जुनी बाग आणि बागेतलं लाकडी घर जायचं. ऐवेनला ते हवं होतं. तो कधीचाच डोंगराखाली जाऊन राहिला होता, पायऱ्या-पायऱ्यांच्या नव्या बागेत, फरशीच्या घरात. टोपली मिळाली की वर राहायला येईन, असं तो सांगत सुटला होता. पण वर आधीच कुणीतरी राहत होतं. त्याची धाकटी बहीण यीनोई आणि तिचा नवरा ऐतुन.

आमच्यात लग्न झालं की नवरा तीन वर्षं बायकोच्या घरी राबतो आणि मग तिला घेऊन आपल्या गावी जातो. ऐतुनची तीन वर्षं संपली त्या वर्षी सासू आजारी पडली. मग छप्पर शाकारायचं निघालं. मग बागेला कीड लागली. कुणी त्याला राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही, आणि तोही विचारायला गेला नाही. आता त्याचे केस पिकले. ऐवेन त्याला अजून "पाव्हणं" म्हणतो, तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, संध्याकाळच्या गाडीनं हे परत निघालेत.

"ही बाग रक्ताची आहे," ऐवेन गावभर सांगायचा. "आमचा पूर्वज नि हे झाड एकाच दिवशी या डोंगरावर आले. सगळी बाग त्याच झाडाची लेकरं. त्यात परक्याचा हात कशाला?" आणि हे सिद्ध करायला त्यानं गेल्या हंगामात स्वतः शिडी लावून जीव-झाडाच्या शेंड्याची पानं खुडली, बागेतल्या बाकीच्या झाडांचीही खुडली, आणि शहरात चहाच्या संस्थेत काम करणाऱ्या आपल्या मुलीकडे, यीलामकडे, तपासायला पाठवली. वर बजावलं, "मला आधी काही सांगायचं नाही. पहिल्या खुडणीला ये आणि सगळ्यांसमोर सांग."

यीलामनं दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा बापानं "चूप, सगळ्यांसमोर!" म्हणून कापला. आता ती झाडाखाली उभी होती, आणि गावाला येणारी पहिली बस चुकली असती तर किती बरं झालं असतं, एवढंच तिच्या मनात येत होतं.

"बोल लाम," ऐवेन म्हणाला. "मोठ्यानं बोल. पाव्हण्यांना मागे ऐकू गेलं पाहिजे."

"बाबा, आधी नैवेद्य उरकू या ना."

"आधी बोल!"

यीलाम बोलू लागली. "आपल्या बागेतली झाडं तपासली. एकही झाड दुसऱ्यासारखं नाही. प्रत्येकाची जनुकं वेगळी. आमच्या संस्थेतले लोक वेडे व्हायचे बाकी राहिलेत. एवढं वैविध्य त्यांनी एका बागेत..."

"ऐकलंत?" ऐवेननं सगळ्यांकडे पाहिलं. "वेडे झालेत शहरातले!"

"पण म्हणजे एकाच झाडाची लेकरं नाहीत ती, बाबा. चहाचं फूल स्वतःच्या परागानं सहसा फळत नाही. माश्या कुठून कुठून पराग आणतात. बियांपासून वाढलेल्या झाडाची आई सांगता येते, बाप नाही."

यीनोई पदरात तोंड लपवून हसली. "म्हणजे दादा, तुझ्या रक्ताच्या बागेत कुणाच्याच बापाचा पत्ता नाही?"

"तू गप गं. लाम, जीव-झाडाचं सांग."

"जीव-झाडाचं..." यीलामनं झाडाकडे पाहिलं, जणू त्यानंच काहीतरी बोलावं. "ते वेगळं नाही. तुमच्या खालच्या बागेत जो नंबरी चहा आहे ना, ते तोच आहे."

"त्याच्यासारखा?"

"त्याच्यासारखा नाही. तोच."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. नंबरी चहा म्हणजे सरकारी वाण. आम्ही लहान होतो तेव्हा त्याच्या काड्या खालून गाड्या भरभरून आल्या आणि डोंगराच्या सगळ्या पायऱ्या त्यांनी भरून गेल्या. भरपूर पानं, लवकर खुडणी, चव सगळीकडे एकच. तो वाण आणि पूर्वज यांचा संबंध डुक्कर आणि देवळाइतकाच.

"नंबरी चहा बियांचा नसतो," यीलाम समजावू लागली. "एका झाडाच्या काड्या छाटायच्या नि लावायच्या. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांवरची झुडपं म्हणजे खरं तर एकच झाड आहे. पुन्हा पुन्हा लावलेलं. आणि हे झाड, हेही तेच."

ऐवेनची बायको यीखान एवढा वेळ चुलीशी कोंबड्यात आलं टाकत होती. तिच्या हातातली पळी थांबली.

"थांब गं. म्हणजे आपला पूर्वज आपल्या खालच्या बागेत पण उभा आहे?"

"तसं म्हटलं तर..."

"सगळ्या रांगांत?"

"हो."

"मी रोज त्याच्यावर भांडी धुतलेलं पाणी फेकते!" यीखानच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि अहो, गेल्या महिन्यात विरळणी केली ना आपण? एकाआड एक उपटली ना?" मग तिची नजर चुलीत गेली. चुलीत वाळलेल्या चहाच्या खुंट्या छान पेटल्या होत्या. सकाळी सरपण म्हणून तिनंच खालून आणल्या होत्या.

सगळ्यांनी चुलीत पाहिलं. पूर्वजाच्या नैवेद्याचा कोंबडा पूर्वजावरच शिजत होता.

म्हातारा ऐसाम बुंध्याशी पाटावर बसून होता. त्यानं गालात आंबवलेल्या चहाचा गोळा ठेवला होता, आणि तो गोळा गालात असला की म्हाताऱ्याकडून होकार-नकार काढणंही कठीण. त्यानं डोळे मिटून घेतले.

ऐवेननं शेवटी बोजांगला फोन लावला. देवळात मंत्र म्हणणारा आमचा बोजांग त्या सकाळी घरोघरच्या बागांतून पळत असतो. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बोजांगकाका, आमचा पूर्वज खोटा निघाला."

"खोटा म्हणजे? मेला काय?"

"नाही, चांगला हिरवा आहे. पण... वयानं लहान निघाला. सरकारी आहे."

पलीकडे कुणाचीतरी कोंबडी ओरडली. "हे बघ ऐवेन, माझ्या अजून पाच बागा व्हायच्यात. माझ्या मंत्रात 'बागेतल्या पहिल्या झाडा' असं आहे. माझे गुरुजी तसंच म्हणायचे. 'सरकारी झाडा' असं मी म्हणणार नाही. तुमचं पहिलं झाड कुठलं ते ठरवा आणि मला बोलवा. एकदा ठरवलं की मग बदलायचं नाही."

"पण आम्हाला कसं कळणार पहिलं कुठलं?"

"मग मतं घ्या की!" म्हणाला नि फोन बंद.

बोजांग वैतागून बोलला असेल. पण ऐवेन पडला खालच्या सहकारी चहा मंडळाचा सदस्य. मतं घ्यायची म्हटल्यावर त्याच्या अंगात बळ आलं. त्यानं नैवेद्यासाठी आणलेले सुके चवळीचे दाणे, डोळे मिटलेला म्हातारा सोडून, प्रत्येकाच्या हातावर ठेवले. ज्याला जे झाड पूर्वज वाटतं त्याच्या बुंध्याशी दाणा ठेवायचा. ज्याचं झाड जिंकेल त्याच्याकडेच टोपली झुकणार, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं. आधी उमेदवार ठरले. ऐवेननं ओढ्याकाठचं झाड उभं केलं, कारण ते सगळ्यात जाड होतं आणि लांबून फोटोत चांगलं दिसायचं. यीखाननं वाटेवरचं, कारण तिथवर चढ नाही. यीलामनं कोपऱ्यातलं जांभळ्या पानांचं, कारण तपासणीत ते बाकी सगळ्यांपासून लांब पडलं होतं. "असं झाड शहरातल्या कुठल्याच संग्रहात नाही," ती म्हणाली. "संग्रहात नाही म्हणजे पूर्वज?" ऐवेन म्हणाला. "मग मंडळाच्या यादीत माझा मेव्हणाही नाही."

यीनोईनं तिसऱ्या रांगेतलं कडू झाड सांगितलं.

"ते?" ऐवेन ओरडला. "त्याचा चहा डुकरं पीत नाहीत!"

"आई त्याच्याच पानांचा आंबवलेला चहा करायची. दुसऱ्या कुठल्याही झाडाचा तसा होत नाही. माती मऊ असते तिथली. आई तिथे बसायची. माझ्या दृष्टीनं तेच पहिलं."

मग भाषणं झाली. हसू नका, खरंच झाली. ऐवेननं आपल्या झाडाच्या जाडीवर बोलताना दोन्ही हात पसरून बुंध्याला मिठी मारली. यीखाननं सगळ्यांच्या गुडघ्यांचा विचार करायला सांगितलं. पहिलं कुठलं तेच ठरायचं होतं, म्हणून नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवून प्रत्येकानं प्रत्येक झाडाचं एकेक पान चावलं. चार झाडांच्या चार चवी. एक पान असं की जीभ आखडून यावी, एक असं की घशात मागाहून गोड लागावं. आपण पूर्वजाची चव ओळखू, असं सगळेच म्हणत होते. ओळखायची कशाशी, ते मात्र कुणी सांगेना. कारण आजवर प्रत्येक वर्षी पहिल्या खुडणीचा म्हणून त्यांनी डोळे मिटून प्यायला तो चहा नंबरी होता.

ऐतुनच्या हातातही एक दाणा होता. तो त्यानं कुठेच ठेवला नाही.

"का हो आतोबा?" यीलामनं विचारलं.

"तुमचा पूर्वज मी कसा निवडू?" तो म्हणाला. "मी पाव्हणा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

पहिल्या फेरीत प्रत्येक झाडाला एक मत पडलं. ज्याचं त्यानं आपल्याच झाडाला दिलेलं.

इकडे यीखानच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. नवऱ्याला टोपली मिळाली तर तिला वर राहायला यावं लागणार होतं. वर म्हणजे जिथे पाणी ओढ्यातून आणायचं, जिथे म्हातारा सासरा रोज आंबवलेल्या चहाचा चोथा पायरीवर थुंकतो, आणि जिथे तिची टाइल्सची न्हाणी नाही. ती न्हाणी तिनं पाच वर्षं नवऱ्याच्या डोक्यावर बसून मिळवली होती. कोंबडा ढवळण्याच्या निमित्तानं ती नणंदेजवळ सरकली.

"वन्सं, माझा दाणा तुमच्या कडू झाडाला."

यीनोईनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. लग्नापासून आजवर वहिनीनं तिला वाटीभर ताकही फुकट दिलं नव्हतं. "आणि बदल्यात?"

"काही नाही. टोपली तुमच्या यजमानांना मिळू दे. तुम्ही वरच राहा. आयुष्यभर राहा."

"वहिनी, मला कळलं हो," यीनोई हळूच म्हणाली. "न्हाणी."

"न्हाणी," यीखाननं कबूल केलं. दोघी हसल्या. नणंद-भावजयीची इतकी घट्ट युती आमच्या डोंगरानं पूर्वी पाहिली नव्हती.

दुसऱ्या फेरीत यीखानच्या दाण्यानं कडू झाड पुढे गेलं, आणि ऐवेनच्या लक्षात सगळा खेळ आला. बायकोवर आवाज चढवायची सोय नव्हती, त्याला खालीच जेवायचं होतं. तो ऐतुनवर घसरला.

"मतं कशाला घ्यायची? जीव-झाड बदललं कुणी ते आधी बघू! माझा बाप इथे बसलाय, त्याच्या बापानं या झाडाला नैवेद्य दाखवलाय, तेव्हा ते खरं होतं. मग नंतर या बागेत येऊन-जाऊन कोण होतं? पाव्हणं, सांगा की. एवढी वर्षं इथे राहून काय केलंत तुम्ही?"

"दादा, एवढं मोठं झाड कोण कसं बदलेल?" यीनोई म्हणाली. "खिशात घालून आणलं त्यांनी?"

"हळूहळू बदललं असेल! थोडं थोडं!"

ऐतुनचा चेहरा उतरला. इथवर चाललेला सगळा तमाशा त्याच्या घरावर चालला होता. सगळ्यांना आपापलं झाड होतं. त्याला ही बाग सोडून जायला कुठे जागाही नव्हती. त्याच्या गावचं घर भावांनी कधीच पाडून वाटून घेतलं होतं.

"बाबा, पुरे!" यीलाम चिडून म्हणाली. "बुंधा बघते मी. बुंधा खोटं सांगत नाही." आणि तिनं जीव-झाडाच्या कमरेभोवती गुंडाळलेला पिवळा कपडा सोडायला घेतला. तो कपडा दर वर्षी म्हातारा स्वतः बांधायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. बुंध्याला तिथे फुगवटा होता. आम्ही पोरं त्याला पूर्वजाचं पोट म्हणायचो.

"पोरी, नको," म्हातारा म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे पहिले शब्द. पण गाठ सुटली होती.

फुगवट्यावर एक जुना, आडवा, गाठाळलेला व्रण होता. त्याच्या खाली साल काळपट, शेवाळलेली, म्हाताऱ्या गव्यासारखी खरखरीत. वर साल गुळगुळीत आणि फिकी.

"कलम आहे," यीलाम म्हणाली. "पाचर कलम. जुना बुंधा कापून त्यात नंबरी काडी बसवलीय. वरचं सगळं नंबरी. आणि खालचं... खालचं जुनं आहे. मुळं जुनी आहेत!"

"मुळं आपली आहेत!" ऐवेन उड्या मारायचाच बाकी राहिला. "मी म्हटलं नव्हतं? पूर्वज आहे! जमिनीखाली आहे!"

"मग आजवरचा नैवेद्य तर त्यालाच पोचला," यीखान सुटकेचा श्वास टाकून म्हणाली. "कोंबड्याचं रक्त मुळाशीच ओततो आपण."

"पण पानं परक्याची," यीनोई म्हणाली. "खुडायचं काय?"

यीलाम बुंध्याशी गुडघ्यांवर बसली. "कलमाच्या खालून फुटवा आला तर तो खरा जुना असेल. खालून धुमारे फुटतात का कधी याला? फुटायलाच हवेत. अशा खुंटाला दर वर्षी फुटतात." तिनं बोटं फिरवली. कलमाच्या खाली, बुंध्यावर, ताज्या छाटीचे गोल पांढरे ठिपके होते. त्यांच्याभोवती जुन्या छाटींचे ठिपके. त्यांच्याभोवती आणखी जुने.

ऐतुन स्वतःच पुढे आला.

"मी," तो म्हणाला. "मी छाटतो. दर वर्षी, पहिल्या खुडणीच्या आधी. मला वाटायचं, फालतू फुटवे आहेत, झाडाचं बळ खातात. बुंधा स्वच्छ दिसावा म्हणून." त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. "परवाच छाटले."

मग ऐवेनला कळलं, आणि त्याला एकदम कळलं.

"म्हणजे आमचा पूर्वज दर वर्षी डोकं वर काढत होता," तो शब्द शब्द चावत म्हणाला, "आणि हे पाव्हणं दर वर्षी त्याचं मुंडकं उडवत होते?"

यावर कुणाला हसू येईना. यीनोई नवऱ्याजवळ जायला निघाली, पण ऐतुननं हातानंच तिला थांबवलं. कोपऱ्यात ठेवलेली खुडणीची टोपली त्यानं उचलून ऐवेनच्या पायाशी ठेवली. मग घराकडे वळला.

"कुठे?" यीनोईनं विचारलं.

"कपडे भरतो. माझी तीन वर्षं जरा लांबली, एवढंच."

"तुम्ही गेलात तर मीही येणार! आणि मग म्हाताऱ्याचं कोण बघेल ते या मतदारांना विचारा!"

"वन्सं!" यीखान किंचाळली. तिच्या डोळ्यांसमोरून न्हाणी वाहून चालली होती.

म्हातारा ऐसामनं गालातला चहाचा गोळा काढून बाजूला ठेवला. एवढ्यावरच सगळे गप्प झाले. तो उठला नाही.

"ते कलम मी केलंय," तो म्हणाला.

"बाबा?"

"बोलू दे वेन, माझ्या जिभेला सवय नाही. नंबरी काड्या आल्या तेव्हाचं. तू रांगत होतास. खालून माणसं आली. म्हणाली, या जुन्या बागेत एक झाड दुसऱ्यासारखं नाही, पानं एका दिवशी येत नाहीत, मोजमाप लागत नाही. सगळी झाडं गुडघ्याइतकी कापा नि नंबरीचं कलम करा. परत येऊन बघू, म्हणाली. घरोघर करवती दिल्या." म्हातारा थांबला. "ती माणसं फार चढणारी नव्हती. वाटेनं आलं की पहिलं कुठलं झाड लागतं?"

पहिलं झाड हेच लागायचं. आजही लागतं.

"ते कापलं. कलम केलं, चिखल लिंपला, कपडा बांधला. इथे बसवून तुझ्या आईनं त्यांना तांदळाची दारू पाजली. कापलेलं झाड बघितलं, खूश झाले, सगळी बाग झाली असं समजून गेले. एकाची मान दिली आणि बाकीची वाचली. मान द्यायची तर थोरल्यानंच द्यावी, नाही का? लहानांना कसं पुढे करणार?"

वारा नव्हता. यीलाम रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिच्या संस्थेतल्या लोकांनी ज्या बागेपुढे हात टेकले होते ती अख्खी बाग एका म्हाताऱ्यानं एक झाड कापून वाचवली होती, आणि त्या एका झाडाचीच आज तिनं सगळ्यांसमोर झडती घेतली होती.

ऐवेनचा आवाज खाली आला. "मला का नाही सांगितलंत?"

"तू गावभर सांगितलं असतंस."

यीखाननं मान डोलावली. तिच्या इच्छेविरुद्ध डोलावली गेली.

"आता टोपली," म्हातारा म्हणाला. "तुन, इकडे ये."

घराच्या पायरीवरून ऐतुन परत आला. एका हातात अर्धी घडी केलेला सदरा होता. म्हाताऱ्यानं ऐवेनच्या पायाशी ठेवलेली टोपली मागवली, यीलामनं ती त्याच्या हातात दिली, आणि त्यानं तिचा पट्टा ऐतुनच्या खांद्यावर टाकला.

ऐतुन मागे सरला. "नको मामा. मी काय करत होतो ते ऐकलंत ना आत्ता? त्याला मीच कापत होतो. माझ्या हातानं."

"मला ठाऊक आहे. मी इथेच बसून बघत होतो."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. खालचं पान वेगळं, वरचं वेगळं, लोकांनी विचारलं असतं. पहिली काही वर्षं मला तुझा राग यायचा. खूप यायचा. रात्री जेवण जायचं नाही. वाटायचं, हा परका पोरगा आमच्या मुळावर उठलाय." म्हाताऱ्यानं पट्टा नीट बसवला. "पण तो फुटवा दर वर्षी परत यायचा. तू कापायचास, तो यायचा. आणि तुझे भाऊ सुरुवातीला तुला बोलवायला यायचे, माझा वेन तुला पाव्हणा म्हणायचा, आणि तू पण इथेच. कुणी ये म्हटलं नाही तुम्हा दोघांना. पण दोघांपैकी एकानंही हे घर सोडलं नाही."

मग तो थोरल्या मुलाकडे वळला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तू सोडलंस, वेन. सुखात राहा, मला त्याचं वाईट नाही. पण सोडलंस."

ऐवेनसारख्या माणसाला गप्प राहायला फार कष्ट पडतात, आणि ते कष्ट त्याच्या मानेच्या शिरांवर दिसत होते. तोवर यीखाननं बुंध्याशी नैवेद्य मांडला, आणि पहिलं झाड हेच असं यीलामनं कळवल्यावर बोजांगनं फोनवरच मंत्र उरकला. मग ऐवेन गेला, कुंपणाला टेकवलेली बांबूची शिडी उचलली, आणि जीव-झाडाला लावून तिच्या पायाशी घट्ट उभा राहिला.

"चढा, पाव्हणं," तो म्हणाला. "कळ्या वाया चालल्यात. शिडी मी धरतो." ऐतुननं पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा ऐवेननं त्याचा घोटा पकडला. "वहाणा काढा आधी. अर्धा असला तरी पूर्वज आहे तो."